परसबागेचे बी कुठून आणावे?

टोमॅटोच्या एक ग्रॅम बियांत साधारण ३०० दाणे असतात. कृषी सेवा केंद्रात संकरित टोमॅटोचे पाकीट बहुधा १० ग्रॅमचे मिळते, म्हणजे जवळजवळ ३,००० दाणे. चार माणसांच्या घराला टोमॅटोची पाच-सहा झाडे पुष्कळ होतात. बियाण्यांचा व्यापार एकरांच्या हिशोबाने उभा आहे, आणि गच्चीत दहा कुंड्या मांडणारा माणूस त्या हिशोबात बसत नाही. म्हणून त्याच्यासाठी मधले लोक पुढे येतात. कुणी मोठी पाकिटे फोडून पन्नास-पन्नास दाण्यांच्या पुड्या करतो, कुणी रोपवाटिकेच्या काउंटरवर रंगीत पाकिटे टांगतो, कुणी वीस भाज्यांचा ‘कॉम्बो’ ऑनलाइन विकतो. यांतले काहीजण चोख काम करतात. पण मूळ पाकीट फुटले की बियाण्याचा जन्मदाखला हरवतो. ते कोणी पिकवले, कधी तपासले, वाण कोणता, हे सांगणारा कागद फेकून दिलेल्या पाकिटावरच राहतो. घरच्या बागेतली बरीचशी निराशा इथेच सुरू होते, माती आणि खत यांच्याकडे बोट त्यानंतर दाखवले जाते.

तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचायची. बियाणे अधिनियम १९६६ चा आहे, आणि बियाणे विकणाऱ्याला परवाना बंधनकारक करणारा नियंत्रण आदेश १९८३ चा. अधिसूचित वाणाच्या पाकिटावर वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता, तपासणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उत्पादकाचे नाव-पत्ता असावा लागतो. प्रमाणित बियाण्याची वैधता तपासणीपासून सहसा नऊ महिने धरतात. नुसते ‘वांगी, जांभळी, लांब’ एवढेच लिहिलेले पाकीट दिसले तर ते खाली ठेवावे.

उगवणशक्तीचा आकडा मात्र समजून घ्यावा लागतो. भारतीय मानकांनुसार टोमॅटो, वांगी, कांदा, मुळा आणि मेथी यांच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते. भेंडीसाठी हा आकडा ६५ आहे, मिरचीसाठी आणि बहुतेक वेलभाज्यांसाठी ६०. म्हणजे मिरचीचे दहा दाणे टाकले आणि सहाच उगवले, तरी ते बियाणे कायद्याने उत्तीर्ण आहे. पाच रोपे हवी असणाऱ्याने पाचच दाणे पेरून दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही.

मोठ्या पिशव्यांना रंगीत टॅगही असतो. पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवा. बाजारातले भाजीपाल्याचे बहुतेक बियाणे सत्यप्रत असते. त्याच्या गुणवत्तेची हमी सरकारी प्रमाणीकरण यंत्रणा देत नाही, ती उत्पादक कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर देते. सत्यप्रत म्हणजे कमअस्सल, असा समज करून घेऊ नये. पण जबाबदारी कंपनीची असल्याने कंपनीचे नाव आणि लॉट नंबर यांनाच सगळे मोल येते. पावतीवर लॉट नंबर लिहून घेण्याची सवय शेतकऱ्यांना असते, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा ठरतो. घरच्या बागवाल्यानेही तो मागायला संकोच करू नये.

दुकान निवडताना लोक त्याचे नाव बघतात, बियाणे ठेवले कुठे आहे ते बघत नाहीत. खरे तर दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बी जिवंत असते, आणि त्याचे आयुष्य ओलावा आणि उष्णता या दोन गोष्टी खातात. कॅलिफोर्निया विद्यापीठातले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी यासाठी एक ठोकताळा दिला, तो जगभर वापरला जातो. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरले तरीही दुप्पट. हाच हिशोब उलटा लावून पाहावा. दुकानाच्या दर्शनी भागात, पश्चिमेच्या उन्हात दोरीला टांगलेली पाकिटे रोज थोडी थोडी मरत असतात. रत्नागिरी-सावंतवाडीकडे जुलैत हवा पाण्याने जड असते, तेव्हा कागदी पुडीतल्या कांद्याच्या बियांची उगवण झपाट्याने घसरते. त्याच बिया हवाबंद फॉइलच्या पाकिटात असतील तर तग धरतात. म्हणून कोकणात आणि गोव्यात कागदी पुडीपेक्षा फॉइलचे पाकीट बरे, आणि ज्या दुकानात माल फिरतो ते दुकान बरे. खरिपाआधी जिथे शेतकऱ्यांची गर्दी उसळते त्या कृषी सेवा केंद्रात जुना माल पडून राहण्याची शक्यता शहरातल्या शोभेच्या झाडांच्या दुकानापेक्षा पुष्कळ कमी असते. जास्तीचे बी शेजारीपाजारी वाटून घेता येते. एका इमारतीतल्या सहा घरांनी मिळून एक पाकीट घेतले तर त्याचा जन्मदाखलाही शाबूत राहतो.

सगळ्या भाज्यांचे बी सारखे टिकत नाही. कांद्याचे बी वर्षभरात संपवायचे, भेंडी आणि मिरची दोन वर्षांत, टोमॅटो, वांगी, काकडी नीट ठेवली तर तीन-चार वर्षेही चालतात. नाशिक-नगरकडे कांद्याचे बी एप्रिल-मेमध्ये काढले जाते. त्यामुळे जूनमध्ये हातात आलेल्या पाकिटावर तपासणीची तारीख त्याच उन्हाळ्याची असेल तर ते नवे बी आहे, आधीच्या वर्षीची असेल तर शिल्लक माल आहे.

मग येतो नेहमीचा वाद: संकरित की गावरान? याचे उत्तर भावनेने देण्याआधी संकरित बी तयार कसे होते ते पाहायला हवे, आणि ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातला देऊळगाव राजाचा परिसर आणि त्याला लागून असलेला जालना जिल्हा हा भाजीपाला बीजोत्पादनाचा मोठा पट्टा आहे. तिथल्या शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, सिमला मिरची यांचे संकरित बियाणे अक्षरशः हाताने बनते. मादी वाणाची कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढून टाकायचे. मग नर वाणाच्या फुलातला पराग तिच्या कुक्षीवर लावायचा. फळ ओळखू यावे म्हणून पाकळ्यांखालची एखादी हिरवी पाती खुडून खूण करायची. हंगामभर एकेका फुलाशी हे करायचे. या कामाचा मोठा भार बायकांच्या बोटांवर असतो. संकरित बियाणे महाग का, याचे बरेचसे उत्तर त्या बोटांत आहे.

असे बी एकसारखे उगवते, जोमाने वाढते आणि बऱ्याचदा रोगाला दाद देत नाही. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित टोमॅटो तीन मोठ्या रोगांना तोंड देण्यासाठी तयार केलेला आहे. पण त्याच्या फळातले बी पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड आजीवर जाते, दुसरे आजोबांवर, तिसरे कुणावरच नाही. दरवर्षी नवे पाकीट घेण्याची तयारी असेल तर संकरित वाणात वावगे काहीच नाही. बी घरी धरायचे असेल तर मात्र सुधारित किंवा गावरान वाणच घ्यावा.

सुधारित म्हणजे निवड पद्धतीने किंवा संकरानंतर स्थिर केलेला, बियांतून तसाच उतरणारा वाण. या प्रकाराकडे घरच्या बागवाल्यांचे फार दुर्लक्ष होते, आणि खरे तर त्यांच्या सर्वांत उपयोगाचा हाच प्रकार आहे. त्यासाठी भेंडीची कथा सांगायला हवी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पुसा सावनी’ ही भेंडी तयार केली. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला ती दाद देत नव्हती, म्हणून तिचा बोलबाला झाला. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी याच भेंडीचे बी पिकवून बियाणे व्यवसायाची सुरुवात केली. १९६४ साली त्यातून महिको उभी राहिली, आणि १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण केवड्याचा विषाणू थांबून राहिला नाही. काही दशकांत पुसा सावनी त्याला बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा एका जंगली नातलगाशी संकर करून १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ दिली, राहुरीच्या विद्यापीठाने ‘फुले विमुक्ता’ दिली, आणि हेसरघट्ट्याची ‘अर्का अनामिका’ही अशाच जंगली रक्तातून आली. आज कुणी पुसा सावनीचे पाकीट नावाच्या पुण्याईवर विकत असेल, तर पावसाळ्यात केवड्याला तोंड देण्याची तयारी ठेवूनच ते घ्यावे. वाणाचे नाव पाकिटावर हवे ते यासाठी. ‘भेंडी’ एवढ्याने काहीच कळत नाही.

असे वाण मिळवण्याची सर्वांत सरळ जागा म्हणजे कृषी विद्यापीठांची बियाणे विक्री केंद्रे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार विद्यापीठे आपापल्या हवामानासाठी वाण काढतात. दापोलीचे ‘कोकण तारा’ कारले कोकणातल्या माणसाने आधी करून पाहावे, दिल्लीचे नंतर. सार्वजनिक संस्थांत चित्रांची झगमग नसते आणि हवे ते बी हवे तेव्हा मिळतेच असे नाही. पण वाण कुठला, कुणी काढला, हे तिथे नेमके सांगता येते. हेसरघट्ट्याची संस्था तर ऑनलाइन मागणी घेऊन बियाणे घरपोच पाठवते. कांद्यासाठी राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठानचे ‘अ‍ॅग्रीफाउंड’ नावाचे वाण नाशिक भागात सर्वज्ञात आहेत. पुण्यात एम्प्रेस गार्डनचे जानेवारीतले पुष्पप्रदर्शन, मोशीचे डिसेंबरमधले किसान प्रदर्शन, मुंबईत राणीच्या बागेतले फुलांचे प्रदर्शन अशा ठिकाणी अनेक विक्रेते एकाच जागी भेटतात. प्रश्न विचारायला तिथे वेळही मिळतो.

गावरान बियाण्याचा रस्ता वेगळा आहे. ते दुकानात क्वचितच असते, ते माणसांकडे असते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, वेलभाज्या, भात अशा स्थानिक वाणांचे बियाणे गोळा करून जपले. ‘बाएफ’ या संस्थेची त्यांना साथ मिळाली. पद्मश्रीने त्यांचे नाव देशभर पोहोचले, आणि ‘गावरान बी’ हा विषय शहरातल्या गच्च्यांपर्यंत आला. अशा बीजबँकांतून घेतलेल्या बियाण्यावर उगवणशक्तीचा छापील आकडा नसतो. पण ते कुणाच्या शेतात, कुठल्या पावसात पिकले हे सांगणारा माणूस समोर असतो, आणि छापील टॅगच्या तोडीची ही माहिती आहे.

गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर म्हापशाच्या बाजारात हिंडले की हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. आगोटीच्या खरेदीत मिरच्या, कोकम, सुकी मासळी यांच्या शेजारी गावठी भाज्यांच्या बियाही येतात. सात शिरांची लांबलचक भेंडी गोव्याची ओळख आहे, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. जळगावच्या भरीत वांग्याला आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही ते मिळाले आहे. या वाणांचे बी त्या त्या गावच्या शेतकऱ्याकडून घेतले तरच खात्रीचे. ‘जळगाव भरीत’ असे लिहिलेले पाकीट दूरच्या शहरातल्या दुकानात मिळाले तर नावाखाली उत्पादकाचा पत्ता काय आहे, ते पाहावे. शेतकऱ्याने घरचे बी ठेवावे, वाटावे, विकावे हा त्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्याला ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

गावरान बियांबाबत एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. दुधी, दोडका, काकडी यांत मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. कुठे कडू जातीशी संकर झाला तर पुढच्या पिढीत कडू फळ येऊ शकते. हा कडूपणा कुकरबिटॅसिन या विषारी द्रव्यांचा असतो, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने देशात गंभीर विषबाधा झालेल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू लागलेला रस पिऊ नये असे बजावले आहे. घरचे बी लावून आलेल्या दुधीचा एक तुकडा आधी चाखावा. कडू लागला तर फळ टाकून द्यावे आणि त्या वेलाचे बीही धरू नये.

काही भाज्यांचे बी मात्र घरी धरायचा विचारच सोडून द्यावा. कोबी, स्नोबॉल जातीचा फ्लॉवर आणि युरोपीय गाजर यांना फुलावर येण्यासाठी थंडीचा मोठा मुक्काम लागतो. त्यांचे बी हिमाचलसारख्या डोंगराळ भागात पिकते किंवा परदेशातून येते. फ्लॉवर आपल्याकडे १८२२ साली इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आला, आणि त्यानंतर भारतीय उष्णतेत गड्डा धरणाऱ्या लवकरच्या जाती इथेच घडल्या. पाकिटावर ‘अर्ली’, ‘मिड’, ‘लेट’ लिहिलेले असते ते शोभेसाठी नव्हे. लेट जातीचा फ्लॉवर ऑगस्टमध्ये लावला तर पानांचा झुपका वाढतो आणि गड्डा वेळेवर मिळत नाही.

हवामानासारखाच दिवसाच्या लांबीचा हिशोब आहे, आणि ऑनलाइन बियाणे घेणारे इथेच फसतात. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. उत्तर युरोपातल्या कांद्याच्या जातींना गाठ धरायला चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो. असे देखणे परदेशी पाकीट पुण्यात पेरले तर हिरवी पात मिळेल, कांदा मिळणार नाही. याच्या उलट न्यू जर्सीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गावाकडचा वाल हौसेने लावतात. वेल मांडव भरून टाकतो, पण दिवस लहान होईपर्यंत फुलत नाही. सप्टेंबरअखेर फुले येतात आणि शेंगा भरण्याआधीच दहिवर पडते. त्यांनी ‘अर्का जय’ किंवा ‘अर्का विजय’सारखे, दिवसाच्या लांबीवर न अडणारे बुटके वाल लावावेत. बाल्कनीतल्या कुंडीलाही हेच बरे. शिवाय अमेरिकेत सामानातून बी नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राचा नियम आहे, तो टाळू नये. कॅलिफोर्नियात १९१७ साली एका जपानी कुटुंबाने सुरू केलेल्या किताझावासारख्या बियाणे कंपनीकडे आशियाई भाज्यांचे बी तिथल्या तिथे मिळते.

भारतातही परदेशी बियाणे मागवायला आयात परवाना आणि क्वारंटाइनची तपासणी लागते. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेसह अनेक देशांत लोकांना न मागवलेली बियांची पाकिटे टपालाने येऊ लागली, तेव्हा ऑगस्टमध्ये भारताच्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केले. निळी स्ट्रॉबेरी, सप्तरंगी गुलाब यांच्या बिया विकणारी चित्रे संगणकावर रंगवलेली असतात. असे बी नसतेच.

‘नॉन-जीएमओ’ ही अक्षरे पाकिटावर पाहून जास्त पैसे मोजण्याचीही गरज नाही. भारतात बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली आणि जनुकीय बदल केलेल्या कोणत्याही भाजीच्या लागवडीला आजवर परवानगी नाही. सेंद्रिय बियाण्याचा दावा मात्र तपासण्याजोगा आहे, कारण अनेक बियांना थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. त्यांना गुलाबी किंवा लाल रंग दिलेला असतो, तो इशाऱ्यासाठीच. असे बी हाताळल्यावर हात धुवावेत, आणि उरलेले मुलांच्या किंवा पक्ष्यांच्या पुढ्यात येऊ देऊ नये.

किराणा दुकान हेही बियाण्याचे दुकान आहे, पण काही भाज्यांपुरतेच. मेथी, मोहरी, चवळी हे सारे डब्यातून थेट कुंडीत जाऊ शकते. धने आधी हलके रगडून फोडायचे, कारण एका धन्यात दोन बिया असतात. कसुरी मेथी हवी असेल तर मात्र तिचे बी वेगळे, दाणा बारीक, ते बियाण्याच्या दुकानातूनच घ्यावे. बाजारातली भेंडी आणि कारली कोवळी खुडलेली असतात, त्यांत पक्के बी नसते. ज्याला बी पेरण्याची उस्तवारी नको असेल त्याने टोमॅटो, मिरची, वांगी यांची कोकोपीटच्या ट्रेमधली रोपे घ्यावीत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या भाजीपाला गुणवत्ता केंद्रासारख्या ठिकाणी ती शास्त्रशुद्ध पद्धतीने वाढवलेली मिळतात. गल्लीतल्या रोपवाटिकेतूनही घ्यावीत, फक्त वाणाचे नाव विचारावे आणि पानाची खालची बाजू उलटून पांढरी माशी आहे का ते बघावे. मुळा, गाजर, भेंडी, वेलभाज्या यांची रोपे मात्र घेऊ नयेत. त्यांच्या मुळांना हलवलेले सोसत नाही.

पाकीट कुठूनही आणलेले असो, पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी त्याची परीक्षा घरीच घेता येते. ओल्या कागदात किंवा सुती फडक्यात दहा दाणे गुंडाळून ते झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कागद सुकू देऊ नये. मुळा-मेथी तीन-चार दिवसांत मोड दाखवतात, टोमॅटोला आठवडा लागतो, मिरचीला त्याहून जास्त. दहापैकी सात-आठ मोडले तर निर्धास्त पेरावे. चार-पाचच मोडले तर दाट पेरून नंतर विरळणी करावी. दोन-तीनच मोडले आणि पाकिटावरची मुदत संपलेली नसेल, तर तोच कागद, पाकीट आणि लॉट नंबरची पावती घेऊन ज्या दुकानातून बी आणले तिथे पेरणीआधी जावे, म्हणजे हंगाम हातचा जाण्यापूर्वी दुसरे बी मिळते.